कूलरचा पत्रा की मांजरपाटाचे तीस थर? एका शाळेतल्या चिलखत-प्रयोगाचं प्रकरण

पार्श्वभूमी

शाळा वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या सीमेवरच्या कापूसपट्ट्यातली, दहावीपर्यंतची. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. मी तिथे इतिहास शिकवतो. प्रयोग होता विज्ञानाच्या मॅडमचा आणि त्यांच्या नववीतल्या गटाचा. जुन्या काळाचं कुणी विचारलं तर सांगायचं आणि बाकी वेळ व्हरांड्यात उभं राहून बघायचं, एवढंच माझं काम.

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी गटानं विषय आणला तो शिवकालीन चिलखताचा. कारण शोधायला लांब जायला नको. 10 नोव्हेंबर 1659, प्रतापगडाचा पायथा, अंगरख्याखाली चिलखत, डोक्याला लोखंडी टोप, आणि खानाचा वार होऊनही महाराज सलामत. ही गोष्ट पोरांना चौथीपासून पाठ. त्यात गटातल्या एकाच्या बापाचं लोहारकाम आणि वेल्डिंगचं दुकान. उन्हाळ्याच्या तोंडावर तिथे कूलरच्या बॉड्या बनतात, त्यामुळे उरलासुरला पत्रा फुकट. पत्रा वाकवायचा, सोनेरी रंग मारायचा, पुठ्ठ्याच्या मावळ्याला घालायचा, असा बेत होता.

मॅडमनी एकच विचारलं, "यात प्रयोग कुठं आहे? लोखंडच का घालायचं, हे तुम्हाला कसं माहीत?"

लोहाराचा पोरगा म्हणाला, "लोखंडच राहीन ना जी मॅडम. कापसानं का तलवार थांबते?"

सगळे हसले. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र हसली नाही. तिची आजी गावभर गोधड्या शिवून देते. ती म्हणाली, "माह्या आजीची सुई मोडते गोधडीत. जाड असन तं अंगुस्तान्याशिवाय सुई आतच नाही जात."

पत्र्याचा मावळा तिथेच मागे पडला.

अडचण

'सगळ्यात चांगलं चिलखत कशाचं' हा प्रश्न दिसतो सोपा, पण तो अर्धाच आहे. वार कशाचा? खिळ्यासारखं टोक घुसणं, धारेनं कापणं आणि गदेसारख्या जड वस्तूनं ठेचणं ही तीन वेगळी कामं आहेत, आणि एकात पास झालेलं साहित्य दुसऱ्यात सरळ नापास होऊ शकतं. शिवाय 'थांबवलं' म्हणायचं कधी? टोक आरपार गेलं नाही पण खालची बरगडी मोडली, तर ते थांबवणं कसलं?

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड निघाली. तुलना जाडीची करायची की वजनाची? पोरांनी पहिल्यांदा पट्टी काढली आणि 'सगळं एक मिलिमीटर जाड घेऊ' असं ठरवलं. एक मिलिमीटर लोखंड म्हणजे चिलखताची सुरुवात. एक मिलिमीटर कापड म्हणजे सदऱ्याचे दोन-तीन पदर. अशा तुलनेत लोखंडच जिंकणार, आणि त्यातून कळणार काहीच नाही. अंगावर घेऊन चालणाऱ्याला जाडी जाणवत नाही, वजन जाणवतं.

मॅडमनी फळ्यावर हिशेब मांडला. लोखंडाचा एक मिलिमीटर पत्रा चौरस मीटरला साधारण 7.85 किलो भरतो. कूलरचा पत्रा त्याच्या निम्म्यानं, अर्धा मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे वीतभर, 20 सेंटिमीटरच्या चौकोनाचं वजन 157 ग्रॅम. दुकानातल्या मांजरपाटाचा तेवढाच तुकडा किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलला. एका थराचे पाच-सव्वापाच ग्रॅम. म्हणजे कूलरच्या पत्र्याच्या वजनात मांजरपाटाचे जवळजवळ तीस थर बसतात.

तीस हा आकडा ऐकून मी व्हरांड्यातून आत आलो. फ्रान्सचा राजा अकरावा लुई याच्या काळात, म्हणजे पंधराव्या शतकात, सैनिकांच्या शिवलेल्या जाड अंगरख्यांसाठी नमूद केलेली घडण हीच आहे: कापडाचे तीस थर, निदान पंचवीस, आणि वर हरणाचं कातडं. राजवाड्यातल्या माणसाला पत्र्याचं वजन परवडत नव्हतं असं नाही. साध्या शिपायाला दिवसभर चालत ठेवायचं, तर काय अंगावर घालावं, याचं ते उत्तर होतं.

समोर असलेले पर्याय

मॉडेल आणि तक्ता करून मोकळं व्हायचं, हा पहिला पर्याय. मुख्याध्यापकांना तोच पसंत होता, आणि बक्षिसाच्या दृष्टीनं बघितलं तर ते चुकीचंही नव्हतं.

दुसरा, बाण मारून बघायचा. गटातल्या एकाच्या मामाकडे तीरकमठा होता आणि पोरांचे डोळे त्याच्यावरच होते. मुख्याध्यापकांनी तो जागीच बंद केला. सुरक्षेचा मुद्दा तर होताच. शिवाय प्रत्येक वेळी कमान तेवढीच ताणली गेली हे ठरवायचं कसं? एकानं जोरात ओढली आणि दुसऱ्यानं हळू, तर मोजमाप साहित्याचं नाही, पोरांच्या दंडाचं होतं.

तिसरा, नागपूरला जाऊन अजब बंगल्यातली खरी हत्यारं बघायची. बघणं छानच, पण वस्तुसंग्रहालयातल्या वस्तूवर खिळा टाकता येत नाही.

चौथा पर्याय मॅडमचा. वरून ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून सोडायचं. दोन किलो वजन दोन मीटरवरून सोडलं तर खाली येताना त्यात 39 जूल ऊर्जा असते, आणि ते हजार वेळा सोडलं तरी ती तेवढीच राहते. लढाऊ धनुष्याच्या जड बाणात शंभर जूलच्या आसपास ऊर्जा असते, म्हणजे हा वार त्याच्या निम्म्यालाही पुरत नाही. पण तुलनेला चालतो. तोच निवडला.

केलं काय

पाण्याच्या मेन लाइनचा उरलेला पीव्हीसी पाइप व्हरांड्याच्या खांबाला उभा बांधला. हवा कोंडू नये म्हणून त्याला भोकं पाडली. आतून सरकणारा दोन किलोचा लोखंडी दांडा लोहारदादांनी बनवून दिला, त्याला टोक बदलता येईल असा: एकदा कानशीनं टोकदार केलेला पाच इंची खिळा, एकदा कुऱ्हाडीच्या जुन्या पात्याचा तुकडा. ठेचण्याच्या कसोटीसाठी खेळाच्या कपाटातला चार किलोचा गोळाफेकीचा गोळा एक मीटरवरून. ऊर्जा तीच, 39 जूल. दोरी लांबून ओढायची, खडूच्या रेघेच्या आत कुणी नाही, सगळ्यांच्या डोळ्यांना वेल्डिंगचे चष्मे.

नमुन्याखाली शरीराच्या जागी काय ठेवायचं यावर दोन दिवस वाद झाला. फळी फार कडक. शेतातली काळी माती वाळली की भेगाळते आणि ओली असली की हाताला सोडत नाही. शेवटी कुंभाराकडून मळलेली चिकणमाती आणली, घमेल्यात दाबून भरली. रोज सुरुवातीला उघड्या मातीवर गोळा सोडायचा आणि खड्डा मोजायचा. कालच्याएवढा पडला तर पुढे जायचं, नाहीतर पाणी शिंपडून पुन्हा मळायची. आजची सुरक्षा-जाकिटं तपासणाऱ्या प्रयोगशाळांतही मागे मातीसारखा थर ठेवून खड्डाच मोजतात. पोरांना ते माहीत नव्हतं. अडचणीनंच त्यांना तिथवर आणलं.

कापडाचा नमुना आजीनं शिवला. मुलीनं आणलेलं कोरं मांजरपाट तिनं हातात घेऊन परत दिलं. "खळ हाय याच्यात. धुऊन आन पयले. आटलं पायजे, मंग टाका धरते." धुतल्यावर कापड आटलं, विण घट्ट झाली. मग बोटाबोटाच्या अंतरावर उभे-आडवे टाके. शेवटच्या दहा थरांना सुई आत घालायला अंगुस्ताना आणि बाहेर ओढायला पक्कड लागली. स्वतःच्या जुन्या गोधडीवर मात्र तिनं खिळा मारू दिला नाही.

त्याच वजनाचा तिसरा नमुना पिंजलेल्या रुईचा, दोन कापडांत भरलेला, उशीसारखा. चौथा मोच्याकडच्या तळव्याच्या चामड्याचा. म्हशीचंच आहे ना, याची खात्री आणि पावती मुख्याध्यापकांनी मागून घेतली. जुन्या ढाली गेंड्याच्या कातड्याच्या असत आणि मंगोलांच्या चिलखतांत चामड्याच्या पट्ट्या असत, म्हणून चामडं वगळून चालणार नव्हतं.

कड्यांचं चिलखत सगळ्यात किचकट. शेताच्या कुंपणाची तार गुंडाळून, कापून, एका कडीत चार कड्या ओवत पोरांनी वीतभर तुकडा विणला. त्यालाच शेकडो कड्या लागल्या. टोकं नुसती जुळवलेली. खऱ्या जिरेबख्तरात बहुतेक कड्यांची टोकं चपटी करून, भोक पाडून, बारीक रिव्हेट मारलेली असत. लोहाराच्या पोराला ते जमेना, तेव्हा तो म्हणाला, वेल्डिंग मारतो. इथे मॅडमनी ठाम नकार दिला. कुंपणाच्या तारेवर जस्ताचा मुलामा असतो आणि तो जाळला की निघणारा धूर छातीला बाधतो. मग बाजारातून किल्ल्या अडकवायच्या दुहेरी वेढ्याच्या कड्या आणून दुसरा तुकडा केला. तो जड झाला, पण त्याची कडी सहजी उघडत नव्हती.

जिथे प्रयोग वळला

पहिल्या दिवसाचे आकडे बघून गोधडीवाली मुलगी उड्या मारत होती. खिळा पत्र्यातून आरपार, मातीत खोल. कापडात मात्र जेमतेम. कापूस जिंकला होता आणि तक्ता लिहायला घेतला होता.

दुसऱ्या दिवशी लोहाराच्या पोरानं दांडा हातात घेतला, खिळ्याच्या टोकावरून अंगठा फिरवला. "मॅडम, टोक बसलं जी याचं." पत्र्यावर आधी मारून मारून टोक बोथट झालं होतं, आणि तोच बोथट खिळा नंतर कापडावर वापरला होता. कापडानं जे थांबवलं ते खिळ्याचं उरलेलं रूप होतं.

मुलगी रडकुंडीला आली. एवढ्या दिवसांची मेहनत, आणि निकाल आपल्या बाजूचा. मुख्याध्यापकांचं म्हणणं, तारीख जवळ आलीय, तेच आकडे ठेवा. मॅडमनी कापडाचे आकडे सगळ्यांसमोर खोडले आणि नियम केला: प्रत्येक वाराला नवा खिळा, आणि साहित्याचा क्रम दर वेळी चिठ्ठी टाकून. खिळ्यांचा खर्च मामुली. आजीला मात्र आणखी नमुने शिवावे लागले.

माझ्या मते सबंध प्रकरणात खरं विज्ञान इथेच घडलं, आणि ते ज्या पोराला लोखंड जिंकायला हवं होतं त्याच्या अंगठ्यातून. मॅडमना हे माझं म्हणणं पटत नाही; त्यांच्या मते वजनाचा हिशेब हाच मोठा निर्णय होता.

काय दिसलं

ताज्या खिळ्यापुढे कूलरचा पत्रा आणि तीस थर, दोन्ही फुटले. पत्र्यामागे खिळा मातीत दोन पेरं गेला, कापडामागे एका पेराहून कमी. तीस थरांचा फायदा उरला, पण आदल्या दिवशी वाटला तेवढा नाही.

धारेच्या पात्यापुढे कापड चमकलं. वरचे काही थर कापले गेले, खालचे जसेच्या तसे. पत्र्याला घडी पडली आणि एका टोकाला चीर गेली. गोळ्याच्या वारात तर तुलनाच नाही: पत्रा वाटीसारखा आत गेला आणि मातीत तसाच खड्डा उठला, कापडाखालचा खड्डा उथळ आणि पसरट.

रुईच्या उशीनं सगळ्यांची गंमत केली. गोळ्यापुढे ती कापडाइतकीच चांगली. खिळ्यापुढे जणू नव्हतीच. तंतू बाजूला सरकतात, टोकाला वाट देतात. तेच तंतू पिळून, विणून, थरावर थर टाकून टाक्यांनी आवळले की त्यांना सरकायला जागा राहत नाही. युरोपातही हा भेद दिसतो. लोखंडी कड्यांखाली घालायचे अंगरखे भरलेले असत, आणि एकटेच वापरायचे ते थरांचे. मेक्सिकोतल्या अझ्टेक योद्ध्यांचं जाड सुती चिलखत स्पॅनिश सैनिकांनी स्वतः उचललं आणि त्या उष्ण दमट मुलखात आपलं पोलाद उतरवून ठेवलं. कापूसपट्ट्यातल्या पोरांना हे सांगताना मला जरा जास्तच जोर आला, हे कबूल.

चामडं धारेला बरं, खिळ्याला मध्यम, आणि भिजवल्यावर मऊ पडलं. त्यावर जास्त वेळ घालवला नाही.

कुंपणाच्या तारेची कडी खिळ्यानं उघडली आणि टोक आत शिरलं. दुहेरी कड्यांनी टोक धरून ठेवलं, पण गोळा पडला तेव्हा मातीत कड्यांचा ठसा उठला. मार जसाच्या तसा खाली. मग दुहेरी कड्या वर आणि तीस थर खाली असं ठेवून बघितलं. खिळ्याचं टोक मातीला शिवलंच नाही, आणि गोळ्याचा खड्डा उथळ. 1191 मध्ये पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरून चालणारे क्रुसेडर सैनिक सलाहुद्दीनच्या पदरी असलेल्या बहाउद्दीननं पाहिले होते. लोकरीच्या जाड नमद्यावर कड्यांचं चिलखत, पाठीत एकापासून दहापर्यंत बाण रुतलेले, आणि माणसं रांगेत चालतायत. घमेल्यातली माती बघून तो उल्लेख मला पहिल्यांदा नीट समजला.

राहिला जाड पत्रा. दुकानातला 16 गेजचा, सुमारे 1.6 मिलिमीटरचा तुकडा ठेवला तर खिळाच वाकला. लोहाराचा पोरगा खूश. पण वजन कूलरच्या पत्र्याच्या तिप्पट. चौरस मीटरभर अंग झाकायचं तर साडेबारा किलो, आणि खांद्याला, कोपराला वाकत नाही ते वेगळंच.

अंगात घालून

मॅडमनी शेवटी एक बंडी शिवून घेतली, तीस थरांचीच, पण फक्त छाती-पाठीपुरती. डिसेंबरच्या दुपारी दोघांना आळीपाळीनं ती घालून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, आधी आणि नंतर नाडी मोजली. डिसेंबरमध्येही पोरं निथळली. एप्रिलमध्ये करू म्हणणाऱ्याला मॅडमनी गप्प केलं. विदर्भाच्या उन्हात हा प्रयोग कुणाही शाळेनं करू नये.

कोरियात 1860च्या दशकात गोळी अडवायला सुती कापडाच्या तीस थरांचं चिलखत बनवलं होतं. 1871च्या जूनमध्ये अमेरिकी नौदलाशी झालेल्या लढाईत ते सैनिकांच्या अंगावर होतं. उकाड्यानं माणसं हैराण, आणि तोफांच्या माऱ्यात कापड पेट घ्यायचं. तोवर बंदुकीनं चिलखताचा निकाल लावलाच होता. आपल्याकडे 29 नोव्हेंबर 1803 ला आडगावला आणि 15 डिसेंबरला गाविलगडावर नागपूरकर भोसल्यांची फौज इंग्रजांशी लढली, तेव्हा समोरून येणाऱ्या गोळीत हजार जूलहून जास्त ऊर्जा होती. आमचा पाइप तिथवर पोचत नाही.

निष्पत्ती

प्रदर्शनात परीक्षकांनी विचारलं, "म्हणजे कापूस लोखंडापेक्षा मजबूत?" मुलगी म्हणाली, "नाही जी. सारख्या वजनात, धारेला आणि ठेचण्याला कापड बरं. टोकाला दोन्ही कमी पडतात. जाड लोखंड टोकाले थांबवते, पण ते घालून धावून दाखवा." गटाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. जिल्ह्याला निवड झाली नाही. आजच्या काळात उपयोग काय, हे स्पष्ट नाही असा शेरा होता.

उपयोग आठवडाभरात दारात आला. एका पालकानं विचारलं, रात्री जागलीला जातो, रानडुक्कर मांडीवर येते, असे पायपट्टे शिवून देता का? मागणी अगदीच विचित्र नव्हती. युरोपात डुकराच्या शिकारीला नेणाऱ्या कुत्र्यांना शिवलेली जाड जाकिटं घालत असत. आजी शिवायला तयार, मुलगीही. मॅडमनी नाही म्हटलं. सुळा खालून वर फाडत येतो. आमचा वार वरून सरळ खाली. जे तपासलंच नाही त्याच्या भरवशावर माणूस काळोखात डुकरापुढे उभा राहणार. पालक नाराज होऊन गेले. मला अजूनही हा निर्णय बरोबर वाटतो, पण आजीनं नंतर गुपचूप एक जोडी शिवून दिली असं गावात बोलतात.

वेगळं काय करता आलं असतं

वेग ही मोठी उणीव. दोन मीटरवरून पडणारा दांडा सेकंदाला सहा-सव्वासहा मीटरनं येतो, बाण त्याच्या कितीतरी पट वेगानं. ऊर्जा सारखी असली तरी जड आणि संथ वाराला कापड वेगळं वागतं, हलक्या आणि वेगवान वाराला वेगळं. हे तक्त्यावर ठळक लिहायला हवं होतं. ते कोपऱ्यात गेलं.

सगळे वार काटकोनात पडले. खऱ्या लढाईत वार तिरपा येतो आणि वळणदार पोलाद त्याला घसरवून लावतं. पत्रा सपाट ठेवून आपण लोखंडावर अन्यायच केला, हे लोहाराच्या पोराचं म्हणणं रास्त आहे. घमेलं तिरकं टेकवायला फक्त दोन विटा लागल्या असत्या.

रेशीम राहून गेलं. आरमोरीकडचं टसर मिळवणं अवघड नव्हतं, फक्त आधी सुचायला हवं होतं. आणि चिठ्ठीनं क्रम ठरवणं पहिल्याच वाराला सुरू झालं असतं, तर आजीचे सुरुवातीचे नमुने वाया गेले नसते. यंदा नववीच्या नव्या गटानं पाइप पुन्हा खांबाला बांधलाय. विटांचं सांगून झालंय, टसरसाठी मॅडमनी फोन केलाय.